पोलीसपाटलाच्या दारची प्रभातफेरी

मी टाकव्याच्या पोलीसपाटलाची सून. माहेरी, कामशेतला, हे मिरवत सांगायचे. आता सांगताना मान खाली जाते, आणि जाणारच!

स्वराज्याच्या चळवळीचे दिवस होते. उजाडायच्या आत गावातले तरणे गडी डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन प्रभातफेरी काढायचे. गाणी स्वराज्याची, टाळ भजनातलेच. आम्ही सासू-सुना तेव्हा जात्यावर असायचो. फेरी जवळ आली की आत्याबाई खुंटा सोडून द्यायच्या. "दळण कुटं पळून जातंय व्हय? ऐक की, पोरी!" पहाटे दारात कुणी गात आलं तर त्याला रिकाम्या हातानं परत लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या सुपात आंबेमोहर घेऊन बाहेर जायच्या आणि अंधारातच एकेकाच्या उपरण्यात ओतायच्या.

फौजदारानं मामंजींना दम भरला. गाणारांची नावं दे, नाहीतर पाटीलकी गेली म्हणून समज. दुसऱ्या दिवशी पहाटे मामंजींनी स्वतः दिवा लावून आत्याबाईंच्या हाती दिला. "अंधारात धडपडशील. ह्यो घिऊन जा." एवढी काळजी त्या माणसानं बायकोची जन्मात केली नव्हती. आत्याबाई हरखूनच गेल्या, बिचाऱ्या.

गडी एकेक करून पुढं आले. खोळ मागं सारून, वाकून, उपरणं पसरत होते. उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता. मामंजी दाराआड उभे होते.

दुपारपर्यंत सगळ्यांना धरून नेलं. आत्याबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "माज्या हातच्या दानाचा फास केलात तुमी!" मामंजी जेवत होते, ते जेवतच राहिले. त्यांना वाढताना माझा हात लाजेनं जड झाला, पण वाढलं. पाणवठ्यावर गेले तर बाया घागरी उचलून बाजूला सरायच्या. त्यांचं काय चुकलं? मीसुद्धा सरले असते.

पुढं ते गडी सुटून आले. एका पहाटे पुन्हा टाळ वाजले. आत्याबाई सूप भरून धावल्या, मी मागोमाग दारापर्यंत गेले. आमच्या घरासमोर गाणं बंद पडलं.

"आज दिवा न्हाई आनला रं, बाबांनो," आत्याबाई म्हणाल्या.

कुणीच पुढं येईना. मग एकजण हळूच म्हणाला, "मावशी, तुमच्यावर राग न्हाई. पर दाराआड कोन हाय?"

दाराआड मी होते. 'मी हाय, दादा,' एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. गाणं पुन्हा ऐकू आलं ते पार मारुतीच्या देवळापलीकडून.