चाचणीच्या दिवशी मी मराठीत जे बोललो

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, आणि टाळण्यात चांगला तरबेज झालो. घरात कुणी फुटबॉलचा विषय काढला की मला औषधाची वेळ आठवते. गल्लीत कुणी विचारलं, "बाबूजी, आप तो सिलेक्शन कमेटी में थे न?" की मी गुडघेदुखीवर घसरतो. लोक समजतात, म्हातारा विनयी आहे. मी गेल्यावर चार माणसं जमतील, माझ्या निःस्पृहपणाबद्दल बोलतील, आणि मला उठून त्यांना थांबवता येणार नाही. म्हणून आताच लिहितो.

आधी ती समिती कशी होती ते सांगतो, म्हणजे देशाच्या संघात कोण खेळणार हे कोण ठरवतं ते कळेल. सतरा वर्षांखालच्या मुलींचा राष्ट्रीय संघ निवडायचा होता. त्याआधी एक सराव शिबिर होतं, आणि आमच्या भागातून मधल्या फळीत खेळणारी एकच मुलगी त्या शिबिराला जाणार होती. चाचणी बनारसला ठेवली. मैदान चांगलं होतं म्हणून नव्हे. वरून येणाऱ्या पाहुण्यांना काशी बघायची होती.

निवडणारे आम्ही तिघे. पहिले आमच्या संघटनेचे अध्यक्ष, वीटभट्ट्यांचे मालक. ऑफसाइड म्हणजे काय हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी "ये तो ज़्यादती है" असा निकाल दिला होता. दुसरे ते वरून आलेले पाहुणे, पुण्याकडचे, पन्नाशीचे, थंडीच्या धुक्यात काळा चष्मा लावून हिंडणारे. तिसरा मी. रेल्वेतून निवृत्त, तरुणपणी विभागाच्या संघाकडून खेळलेला. रामघाटच्या आमच्या गल्लीत घरोघरी वेद म्हणणारी माणसं, त्यांत चेंडूच्या मागे लागलेला मी एकटा निघालो. तिघांत फुटबॉल कळणारा मीच होतो. हे ध्यानात ठेवावं, कारण पुढे ते माझ्याविरुद्धच जाणार आहे.

त्या सकाळी समितीने सर्वांत बारकाईने निवड केली ती कचोरीची. कोणत्या दुकानातली, भाजी तिखट की बेताची, सोबत जिलबी की दुधाच्या फेसाचं मलइयो, यावर अध्यक्षांनी तीन फोन केले. मुली तोवर धुक्यात उभ्या राहून हात चोळत होत्या. पाहुण्यांनी मैदानाकडे पाठ करून फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढला आणि त्यात ते म्हणाले की देशाचं भविष्य माझ्या मागे उभं आहे. ते तेवढं मात्र खरं होतं. भविष्य मागे होतं आणि ते पुढे बघत होते.

माझं नाव कळल्याबरोबर पाहुणे मराठीत सुरू झाले. "अरे वा काका, तुम्ही आपलेच निघालात की!" मी उत्तर दिलं, तसे हसायला लागले. "भारी आहे हं तुमचं मराठी. आजीच्या पितळी पातेल्यासारखं. बऱ्याच दिवसांत कल्हई नाही झाली."

हा टोमणा बनारसच्या मराठी माणसाला नवा नाही. इथे आम्ही 'दखनी', आणि पुण्यात गेलो की 'तुम्ही हिंदी का?' माझ्या मुलांनी तर मराठी स्वयंपाकघरातच ठेवलं, उंबऱ्याबाहेर हिंदी. तरी मला तो टोमणा लागला, आणि लागूनही 'आपलेच' हा शब्द आवडला. सत्तरीचा माणूस, पण त्या शब्दासाठी शेपूट हलवत दिवसभर त्यांच्या खुर्चीजवळ बसून राहिलो.

आता त्या मुलीबद्दल. ती आमच्या घाटाखालच्या नावाड्याची. पाणी उतरलं की पलीकडच्या तीरावर वाळू उघडी पडते, तिथे नावाड्यांची मुलं अनवाणी खेळतात, आणि ही त्यांच्यात खेळत मोठी झाली. मी पायऱ्यांवर ऊन खात बसून तिला पाहत असे. वाळूवर चेंडू घरंगळत नाही. पास पोचवायचा तर दुप्पट जोर लावावा लागतो, नाहीतर उचलून हवेतून द्यावा लागतो. म्हणून वाळूवरचा खेळाडू गवतावर आला की सुरुवातीला त्याचे पास लांब जातात.

तसंच झालं. तिचे पहिले पास रेषेबाहेर गेले. अध्यक्ष म्हणाले, "इसको तो गेंद की लगाम ही नहीं है," आणि कचोरी आली म्हणून तंबूत गेले. पाहुण्यांनीही चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही हातांनी द्रोण धरला. पुढे जे झालं ते मी एकट्याने पाहिलं. तिने एकदा वाकून गवतावरून हात फिरवला, बस्स. त्यानंतर तिचा एकही पास वाया गेला नाही. धावत्या मुलीच्या पावलापुढे चेंडू असा येऊन थांबायचा, जणू कुणी तिथे नेऊन ठेवला. सांगितल्याशिवाय मैदान समजून घेणारा खेळाडू मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला. तो शिकवून होत नाही.

तिच्या बरोबरीने विचार चालला होता तो अध्यक्षांच्या साडूच्या मुलीचा. मुलगी सरळ होती, मेहनती होती, तिचा काही दोष नाही. तिचे बूट फार सुंदर होते.

आता माझ्यावर कुणी दबाव आणला असेल असं वाटेल. मीही पुष्कळ वर्षं तसं वाटू दिलं. अध्यक्षांनी साडूची मुलगी असल्याचं दोनदा सांगितलं खरं, पण मग जेवणाच्या पंगतीत पनीर कमी पडेल की काय या काळजीत ते निघून गेले. अंतिम शब्द पाहुण्यांचा होता. आणि पाहुणे चहाचा कुल्हड घेऊन माझ्याकडे वळले, मराठीत म्हणाले, "काका, मला यातलं एवढं कळलं नाही. तुम्ही इथले, तुम्ही जुने खेळाडू. ती नावाड्याची की ही बूटवाली? तुम्ही म्हणाल ती."

आमच्या खुर्च्यांमागे पाण्याचं पिंप होतं. तिथे ती ओंजळीने पाणी पीत होती. मी तिला पाहिलं. पण मराठीत बोलणं म्हणजे आमच्या घरच्या दाराला आतून कडी लावण्यासारखं, लहानपणापासूनची सवय. भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर, सुनेच्या माहेरच्यांसमोर आम्ही असेच बोलत आलो.

मी म्हणालो, "खेळते बरी. पण तिला शिबिरात नेलीत तर आधी काट्या-चमच्याने जेवायला शिकवा, मग मोजे घालायला शिकवा. आणि एवढं शिकवून झालं की बाप लग्न लावून मोकळा. घाटाचा माल घाटावरच बरा, साहेब."

पाहुणे एवढे हसले की चहा त्यांच्या पँटवर सांडला. "घाटाचा माल! काका, आता कशी कल्हई लागली बघा!"

निवड अशी झाली. कुणी धमकी दिली नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. ज्याला मी सकाळपासून मनात मूर्ख म्हणत होतो, त्या माणसाला हसवण्यासाठी मी त्या मैदानावरची सर्वांत चांगली खेळाडू मोडीत काढली.

निकाल सांगायचं काम माझ्याकडेच आलं. तो मी अर्थात हिंदीत सांगितला. सब बहुत अच्छा खेलीं, हिम्मत रखो, वगैरे. मुली पांगू लागल्या. ती पाहुण्यांसमोर येऊन थांबली, हात जोडले, आणि मराठीत म्हणाली, "साहेब, संध्याकाळी नावेत बसायला या. रामघाटाखाली आमची नाव असते. तिथे आम्ही सगळ्यांना हात धरून बसवतो. कुणाला पडू देत नाही."

"अरे!" पाहुण्यांनी टाळी वाजवली. "काका, ऐकलंत का? हिला मराठी येतं! आणि तुमच्यापेक्षा स्वच्छ!" आपण मघाशी काय बोललो याची आठवण त्यांना त्या क्षणीही झाली नाही. संध्याकाळी ते खरोखरच तिच्या नावेत बसायला निघाले होते. अध्यक्षांनी दुसरी मोठी बोट ठरवली म्हणून वाचले, किंवा ती वाचली.

माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

तिला मराठी येतं हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. आमच्या घाटाचे नावाडी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंना नेतात. माझी आई तिच्या आजोबांशी मराठीतच कचाकचा भांडायची, आणि ते मराठीतच तिला निरुत्तर करायचे. हे सगळं मला ठाऊक होतं. ती माणसं आपलं बोलणं ऐकतात, हे मात्र माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिचा बाप घरी आला. चपला खाली पायरीवरच काढून आला. मुलीने घरी काही सांगितलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. त्याने विचारलं, "बाबूजी, बिटिया में कवन कमी रह गयल? बता देईं त सुधार लेई."

ओरडला असता तर मी सुटलो असतो. तो विचारत होता काय सुधारायचं, आणि सुधारण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, "खेल में कोई कमी नहीं थी. उमर में शक था."

"उमर?" तो गोंधळला. "बाबूजी, ई त ओही बाढ़ वाले साल में भयल रहल. आपके घर से लड्डू आयल रहल."

आले होते. पुराचं पाणी ओसरत होतं तेव्हा माझ्या बायकोने बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करून पाठवले होते, आणि डबा पोचवायला मीच खाली गेलो होतो. तिचं वय किती हे मला तिच्या बापाइतकंच नीट माहीत होतं. मी म्हणालो, "क्या करें भाई, ऊपरवालों का नियम है."

तो नमस्कार करून गेला. पण आमच्या गल्लीत एखादं वाक्य एका घरात राहत नाही. आठवड्याभरात चहाच्या दुकानावर 'उमर चुराई थी' झालं. घाटावरची पोरं तिला "का दादी, खेलबू?" म्हणून चिडवू लागली. पुढच्या हंगामात तिच्या शाळेच्या मास्तरांनी तिला जिल्ह्याच्या चाचणीला नेलं नाही. म्हणाले, नसती भानगड नको. मी एक शब्द बोललो असतो तर त्यांनी नेलं असतं, कारण या बाबतीत गल्लीत माझा शब्द प्रमाण होता. त्या हिवाळ्यात मी पायऱ्यांवर ऊन खात बसत होतो. पलीकडच्या वाळूवर मुलं खेळत होती. ती त्यांच्यात नव्हती.

पाहुणे आता आणखी वर चढले आहेत. अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत, आणि ऑफसाइड अजून ज़्यादती आहे. मी त्यांना आयुष्यभर तुच्छ मानलं. अजूनही मानतो. पण त्यांना कळत नव्हतं, एवढं तरी त्यांच्या बाजूने सांगता येतं.

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून माझी भाची आली, नवरा आणि लहान मूल घेऊन. सकाळी नावेत बसायचं म्हणून हट्ट. मी दुसऱ्या घाटावर जाऊ म्हटलं, तर म्हणाली, "मामा, घराखाली नाव असताना कशाला?" खाली उतरलो. नावेला आता मोटर आहे, आणि ती चालवत होती तीच मुलगी.

मी मागे फिरलो नाही. ठरवलं, आज बोलायचं. शब्द तर किती दिवसांपासून तयार होते. आणि मराठीतच बोलायचं हेही ठरलेलं होतं, कारण घाण मराठीत केली होती.

"या ताई, हात द्या. बाळाला मधे घ्या. दादा, तुम्ही त्या बाजूला, तोल सांभाळा." सगळ्यांशी ती मराठीत बोलत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबूजी, आप बीच में बैठिए."

शिंद्यांचा घाट आला तसं भाचीने विचारलं, "अगं, हे देऊळ असं वाकडं कसं गं?"

"आधीपासूनच वाकडं आहे, ताई. सगळे येऊन फोटो काढतात. सरळ कुणी करत नाही."

भाची खूप हसली. "किती छान मराठी बोलतेस! कुठे शिकलीस?"

"इथेच," ती म्हणाली. नजर पाण्यावर होती. "लोक बोलतात, आम्ही ऐकतो."

परत येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. भाची आहे, जावई आहेत, त्यांच्यासमोर कसं, असं मनाशी म्हणत राहिलो. त्या दिवशी समोर माणसं होती म्हणून तोंड उघडलं, या दिवशी समोर माणसं होती म्हणून मिटलं. नाव लागली. तिने एकेकाला हात धरून उतरवलं. ते तिघे पायऱ्या चढू लागले, आणि नावेत मी एकटा उरलो. तिने मलाही हात दिला. हात घट्ट होता, दोराने घट्टे पडलेला.

"संभल के, बाबूजी. पत्थर पर काई है."

मी म्हणालो, "हाँ, काई बहुत है."

आणि शेवाळावर पाय जपत उतरलो. म्हणायचं होतं ते हे: बाळ, त्या दिवशी मी मराठीत बोललो ते हलकट होतं, आणि नंतर तुझ्या वडिलांशी हिंदीत बोललो ते खोटं होतं. तुझं वय बरोबर होतं. त्या मैदानावर तुझ्याइतकं चांगलं कुणी खेळलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि निवड माझ्या हातात होती. मला क्षमा कर.