सकाळी येऊन गेलेली बहीण

ये गं, अशी जवळ बस. फोन ठेव बाजूला. दर वेळी "हो मावशी, हो मावशी" म्हणतेस आणि अर्धं ऐकून फोन ठेवतेस, म्हणून हे लिहूनच पाठवते आहे; माझ्याजवळ बसून ऐकतेस असं समज. तुझ्या आईला भेटायला मी विमानतळावर गेलेच नाही, असं वाटतं ना तुला? गेले होते बाई. चांगली तासभर आधी गेले होते.

तुझ्या बाळंतपणासाठी ती नागपूरहून शिकागोला निघाली, आणि मधे आमच्या घराजवळच्या नेवार्कला उतरणार हे कळल्यावर माझं कशात लक्ष लागेना. आमची शेवटची भेट आमची आई गेली तेव्हाची. सहा वर्षं झाली. अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतरतो तिथं बॅगा घेऊन बाहेर यावंच लागतं, मग पुढचं विमान. म्हणजे दोन-तीन तास ती माझी.

ते प्रवासाचं ॲप तूच पाठवलंस. उघडून पाहिलं, तर नेवार्क, संध्याकाळी सहा. मुलाला विचारलं, "ही वेळ इथली की तिकडची?" तो बूट घालत होता. म्हणाला, "आई, तिकिटावर जिथं उतरायचं तिथलीच वेळ असते." खरंच आहे ते. तिकिटावर असते.

पण माझा फोन भारताच्या वेळेवर असतो. इथं मुलाकडे राहायला आले तेव्हापासून मीच तसा लावून घेतलाय. इथली वेळ काय, ओव्हनवर दिसते. मुलगा-सून सकाळी मॅनहॅटनच्या गाडीला पळतात, मग या उंच इमारतीत एवढ्या वरच्या मजल्यावर मी एकटी. फोन पाहिला की कळतं, आता तिकडे कुकर लावला असेल, आता दिवा मालवला असेल. तेवढीच सोबत. त्या ॲपनं फोनची वेळ बघितली आणि इथले सकाळचे साडेआठ तिकडचे संध्याकाळचे सहा करून दाखवले. ही वेळ कुठल्या गावची, ते वेळेपुढे लिहिलेलंच नाही.

त्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी पाटवड्या थापत होते. दहाच्या सुमाराला फोन वाजला. अनोळखी नंबर. फसवणारे फार आहेत, अनोळखी नंबर उचलायचा नाही, अशी मुलाची ताकीद. नाही उचलला. पुन्हा वाजला. हात बेसनाचे होते, तसाच वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तर मी रागावून म्हटलं, "काय मेले मागं लागलेत!"

ती तुझी आई होती गं. कुणाचा तरी फोन मागून लावत होती. तुझे दिवस भरलेले, घाबरशील म्हणून तुला लावला नाही.

निघताना पाटवड्या पुन्हा गरम केल्या आणि पाच वाजता मी डबा घेऊन विमानतळाच्या दारासमोर उभी. सहा झाले, सात झाले. येणाऱ्या प्रत्येक पातळवालीकडे बघत होते. शेवटी चौकशीच्या खिडकीतल्या मुलीला फोन दाखवला. आपल्याकडचीच दिसत होती, हैदराबादकडची असावी. तिनं माझा फोन पाहिला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आंटी, आपका फोन तो अभी भी इंडिया में है. वो फ्लाइट सुबह आ गई."

येताना टॅक्सीत मांडीवरचा डबा अजून कोमट होता.

घरी मुलगा चिडला. "आई, इथं राहतेस ना? मग फोन तिकडच्या वेळेवर कशाला?" मी म्हटलं, "मग तिकडं कोण जेवलं, कोण झोपलं, मला कोण सांगणार? तू?" त्यानं स्वतःच पाटवड्या वाढून घेतल्या आणि माझ्यापुढेही ताट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईचा फोन आला. "जय भीम ताई," नेहमीसारखीच. भांडली असती तर बरं झालं असतं. "असू दे, तुला काम निघालं असेल," म्हणाली. मला कसलं काम गं? मी सगळं सांगितलं तर "हो, हो" म्हणाली, पण तिला पटलेलं नाही. लहानपणापासून ओळखते मी तिला.

तू त्या कॉम्प्युटरच्याच कामात आहेस. तुमच्या लोकांना सांग, वेळेपुढे गावाचं नाव लिहीत जा म्हणावं. आणि हे तिला वाचून दाखव. तिचं परतीचं विमान थेट शिकागोहून आहे, इकडून नाही. त्याआधी बाळाला आणि तिला घेऊन दोन दिवस ये. सुट्टी मिळत नाही वगैरे ऐकणार नाही मी. लवकर ये गं.