अब्बांची तीनचाकी

गॅरेजात बॅटरीच्या अ‍ॅसिडचा वास आला, की मला शिरूरचा मांडव आठवतो.

ट्रकच्या अपघातात अब्बांचे पाय गेले होते. मामूंनी दुबईहून त्यांना बॅटरीवर चालणारी तीनचाकी पाठवली. भाईजानच्या निकाहला ती स्वतः चालवत मांडवात शिरायचं, एवढीच अब्बांची हौस. निघताना यवतला घरी आम्ही तिची सीट काढली, जड बॅटऱ्या उतरवल्या, हँडल दुमडलं आणि सगळं गोधड्यांत गुंडाळून गाडीत घातलं. शिरूरला पुन्हा जोडलं, पण चाक हललंच नाही.

"उचलून नेतो, अब्बा," मी म्हणालो.

"न्हाई. मला हितंच गाडीत ऱ्हाऊ दे."

माइकवर भाईजानचं 'कुबूल है' ऐकू आलं, तेव्हा अब्बांनी गाडीची काच वर केली.

वाटलं, यंत्रच बिघडलंय, दुरुस्त होईल. ते झालंही. अब्बा मात्र त्यावर पुन्हा कधी बसले नाहीत.