नुकसानीचा रकाना

संयोगिताचं गाव तासगावपासून अकरा किलोमीटरवर. चहूकडे द्राक्षबागा आणि बागांच्या कडेनं हिरव्या जाळ्या लावलेल्या बेदाण्याच्या शेड. तिची आई शालन हंगामात अशाच एका शेडवर बेदाणा निवडायला जायची, वडील ज्योतिबा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. शाळा सुटली की घराला कुलूप, म्हणून संयोगिता दप्तर घेऊन थेट शेडवर जायची. शेडचा मुकादम नानासो लांबच्या नात्यातला. पोरं त्याला नानाकाका म्हणायची. तो बायकांची हजेरी घ्यायचा, पोरांच्या हातावर मूठमूठ बेदाणा ठेवायचा, आणि चौथीतल्या संयोगिताला काहीतरी आणायला म्हणून मागच्या गोदामात पाठवायचा. मग स्वतःही मागनं जायचा.

असे दोन हंगाम गेले. तिनं कुणाला सांगितलं नाही. एक तर सांगायला शब्द नव्हते, आणि दुसरं म्हणजे नानासोनं तिला बजावलं होतं, "आईला सांगितलंस तर आईचं काम जाईल." दहा वर्षांच्या पोरीला ते खरं वाटलं. तसं ते खरंच होतं. पाचवी झाल्यावर तिनं मामाकडं कराडला शिकायला जायचा हट्ट धरला. दोन दिवस जेवली नाही, तेव्हा आईनं नाइलाजानं पाठवलं. गावात म्हणाले, पोरगी हुशार हाय, शहराची वढ हाय.

बारावीला तिला एक्क्याऐंशी टक्के पडले. गावानं ग्रामपंचायतीसमोर मांडव घालून गुणवंत मुलांचा सत्कार ठेवला. तोवर नानासोची स्वतःची शेड झाली होती, तो सोसायटीचा संचालक झाला होता. पाहुणे म्हणून खुर्चीवर तोच होता. संयोगिताचं नाव पुकारलं. ती पुढं गेली. नानासो गुच्छ घेऊन उठला, दुसरा हात त्यानं तिच्या डोक्यावर ठेवायला उचलला, आणि ती मागं सरकली. गुच्छ न घेता मांडवातनं चालत घरी गेली.

आई मागोमाग धावत आली. "काय गं हे? चार माणसांत आमची लाज घालवलीस व्हय?"

संयोगितानं सांगितलं. सगळं नाही, पुरेसं सांगितलं. शालन उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "मी सा वर्सं त्याच्याकडनं पगार घेतला गं."

तक्रार झाली. तासगावला महिला पोलिसानं जबाब घेतला, नानासोला अटक झाली, तीन महिन्यांनी तो जामिनावर सुटला. मधल्या काळात त्याचा थोरला मुलगा पृथ्वीराज ज्योतिबांना रस्त्यात गाठून म्हणाला, "काका, कोर्टकचेऱ्या कशाला? पोरीच्या लग्नाचं आमी बघतो." ज्योतिबा त्याला ओलांडून घरी आले. त्यांचं बोलणंच आटत गेलं. आत्याबाई घरी यायच्या बंद झाल्या. शालनला कुठल्याच शेडवर काम मिळेना.

खटला सांगलीला, विजयनगरच्या न्यायालयात उभा राहिला. कराडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असलेली संयोगिता तारखेला एसटीनं सांगलीला यायची. बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत जायची. दोनदा प्रॅक्टिकल परीक्षा आणि तारीख एकाच दिवशी आली. ते वर्ष गेलं. मग तिनं कॉलेज सोडलं आणि शिरवळला औषधांच्या कारखान्यात लागली. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या पाकिटावरची तारीख वाचायची, छपाई पुसट असेल तर पाकीट बाजूला टाकायचं, असं काम. तिथं कुणी तिला काही विचारत नव्हतं, तेवढं तिला बरं वाटत होतं.

शेवटी तिची साक्ष झाली. सरकारी वकिलांची सरतपासणी पूर्ण झाली, उलटतपासणी पुढच्या तारखेला ठरली. तिनं मनाची तयारी केली होती. त्या तारखेच्या नऊ दिवस आधी नानासो मिरजेच्या एका दवाखान्यात हृदयविकारानं गेला.

आरोपी मयत, म्हणून खटला बंद झाला. न्यायालयातल्या कारकुनानं तिला समजावून सांगितलं, "ताई, केस निकाली निघाली."

"म्हणजे निकाल काय लागला?"

"निकाल नाही लागला. निकाली निघाली."

ती जिन्यात उभी राहिली. तीन वर्षं ती ज्या वाक्याची वाट बघत होती, ते आता कुणी लिहिणार नव्हतं. गावात तर वेगळंच सुरू झालं होतं. बिचाऱ्यानं हाय खाल्ली, पोरीनं भल्या माणसाचा जीव घेतला, असं त्याच्या दिवसकार्याला जमलेली माणसं बोलली. ते शालनच्या कानावर आलं.

विधी सेवा प्राधिकरणानं तिला दिलेली वकील होती ब्राह्मी उपाध्ये. पस्तिशीची, फी न घेणारी, आणि बोलताना समोरच्याकडं नीट बघणारी. तिनं संयोगिताला खाली कँटीनमध्ये नेलं.

"खटला संपला," ब्राह्मी म्हणाली, "पण तुझा हक्क संपला नाही. भरपाईचा अर्ज करता येतो. आरोपी सुटला, सापडला नाही, तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. इथं तो मेलाय. मी ते मांडून बघते. मिळेलच असं नाही सांगत."

"पैसे कोण देणार? त्याची पोरं?"

"नाही. शासन देतं. मूल सांभाळायची जबाबदारी शासनाचीही होती, म्हणून."

संयोगिता त्या आठवड्यात गावी गेली. घरात तिनं विषय काढला आणि ज्योतिबा तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"न्हाई. पैसं घ्यायचं न्हाईत. लोक काय म्हणतील? ज्योतिबानं पोरीच्या अब्रूचं पैसं खाल्लं?"

"आप्पा, लोक आत्ता काय म्हणत्यात ते तुमाला म्हाईत हाय का?"

"म्हाईत हाय."

"मग आनखी काय म्हणायचं राह्यलंय?"

ज्योतिबा उठून बाहेर गेले. संयोगिता त्यांच्या मागं गेली नाही. तिला त्यांचा राग आला नव्हता. तिचं वय एकवीस होतं, अर्जावर तिचीच सही लागणार होती. पण त्यांची संमती असती तर तिला हवी होती.

अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता: झालेल्या नुकसानीचा तपशील. ब्राह्मीनं तो कोरा ठेवून तिच्याकडं दिला. "हे मी नाही लिहिणार. तू लिही. भाषण नको, घडलेलं लिही."

शिरवळच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी ती कागद घेऊन बसली. मग तिनं कारखान्यात नोंदी करायची तसं लिहायला घेतलं. चौथी आणि पाचवीत शाळेचे बरेच दिवस बुडाले. अकराव्या वर्षी आईबाप सोडून मामाकडं राहिले. बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा वास आला की उलटी होते, म्हणून हंगामात गावी जाता येत नाही. डॉक्टरांना दाखवतानासुद्धा कुणी हात लावला की अंग आखडतं. समुपदेशकाकडं अकरा वेळा गेले, पुढं पैसे नव्हते. तारखांमुळं बी.एस्सी.चं वर्ष गेलं. माझ्यामुळं आईचं काम गेलं.

हे शेवटचं वाक्य तिनं वाचलं, 'माझ्यामुळं' खोडलं आणि वर लिहिलं: 'तक्रार केल्यामुळं'.

ब्राह्मीनं कागद वाचला. "याला काही पुरावा? त्या वेळचा? शाळेचा दाखला मिळेल, पण दिवस का बुडाले ते त्यात नसणार."

संयोगितानं आईला फोन लावला. शालन म्हणाली, "डागतरच्या चिठ्ठ्या हायत की."

"कसल्या चिठ्ठ्या?"

"तुझ्या पोटात दुखायचं न्हाई का सारखं? तासगावला न्यायची मी. समद्या ठेवल्यात, ट्रंकंत."

दोन दिवसांनी शालन एकटी एसटीनं सांगलीला आली, पोटाशी प्लास्टिकची पिशवी धरून. पिशवीत जुन्या पिवळट चिठ्ठ्या होत्या. पोटदुखी, ताप नाही. पोटदुखी, तपासणीत काही नाही. अंथरूण ओलं करते. ब्राह्मीनं त्या संयोगितासमोर टेबलावर तारखेप्रमाणं मांडल्या. चौदा होत्या. तिनं पुन्हा तारखा बघितल्या आणि विचारलं, "काकू, बेदाण्याचा हंगाम कधी असतो तुमच्याकडं?"

"फेब्रुवारी ते मे."

चौदाही चिठ्ठ्या त्याच महिन्यांतल्या होत्या. दोन वर्षांतल्या. जून ते जानेवारीमधली एकही नव्हती.

"मला वाटायचं," शालन म्हणाली, "कच्ची द्राक्षं खाती म्हणून दुखतंय. मारलं बी हुतं तिला एकदा." संयोगितानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चिठ्ठ्या झेरॉक्सला घेऊन गेली, कारण दुपारी अर्ज दाखल करायचा होता.

सुनावणीला न्यायाधीश बाईंनी संयोगिताची आधीची साक्ष वाचली, चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. शालनला दोनच प्रश्न विचारले: मुलगी शेडवर कुणाबरोबर यायची, आणि चिठ्ठ्या कुणी जपल्या. शालननं दोन्हींची उत्तरं डोक्यावरचा पदरही न सावरता, सरळ बघत दिली. सव्वा महिन्यानं आदेश आला. त्यात लिहिलं होतं की आरोपीच्या मृत्यूमुळं त्याच्या दोषाबाबत न्यायालय काही म्हणत नाही. मात्र अर्जदार ही लहानपणी लैंगिक अत्याचाराला बळी पडली आणि त्यामुळं तिचं शारीरिक, मानसिक व शैक्षणिक नुकसान झालं, असं न्यायालयाचं मत आहे. भरपाईची शिफारस करण्यात येते.

पैसे यायला आणखी चार महिने गेले. एक कागद कमी पडला, मग खात्याचा नंबर चुकला, मग सही करणारे साहेब रजेवर. आले तेव्हा थोडे तिच्या हातात आले, बाकीचे मुदतठेवीत. रक्कम डोळे दिपावेत अशी नव्हती. तिनं शिरवळचं काम सोडलं, कराडला पुन्हा दुसऱ्या वर्षाला नाव घातलं आणि समुपदेशकाची वेळ घेतली. एवढ्यानं सगळं बरं झालं असं ती म्हणत नाही. अंग अजून आखडतं. पण आदेशाची प्रत तिनं दोनदाच वाचली, मग पुन्हा वाचायची गरज लागली नाही.

ती प्रत शालननं घरी नेली होती. ज्योतिबांनी ती वाचली की नाही, हे संयोगिताला कळलं नाही. त्यांनी विषय काढला नाही, तिनंही नाही.

मग दिवाळीच्या आधी तासगावच्या स्टँडवर शालन आणि ज्योतिबा गाडीची वाट बघत बसले होते. गावातले बाळासो तिथं भेटले. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी आवाज बारीक केला. "ज्योतिबा, पोरीला पैसं मिळालं म्हणं?"

शालननं मान खाली घातली. ज्योतिबांनी घातली नाही.

"मिळालं," ते म्हणाले. "सरकारनं दिलं. माझ्या पोरीवर गुन्हा झाला हुता, म्हणून दिलं. कोर्टाचा कागद हाय घरात. बघायचा आसंल तर या."

बाळासो व्हय व्हय म्हणाले आणि पान आणायला म्हणून गेले. शालननं हे सगळं त्याच दिवशी फोनवर संयोगिताला सांगितलं, शब्दाला शब्द. संयोगितानं तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.