वाघाच्या तोंडावरचे व्रण

मार्तंड मास्तरांनी धोंडप्पाला पहिल्यांदा पाहिलं ते नांदेडात, वजिराबाद पेठेच्या रस्त्यावरून, एका फोटो स्टुडिओच्या खिडकीत. माणूस डोक्यावर काळं फडकं घेऊन तिरप्या काचेसमोर बसला होता. हातात सुईसारखं टोक केलेली पेन्सिल होती आणि ती सारखी हलत होती. मास्तर शाळेत गणित शिकवत, पेन्सिल धरलेला हात त्यांच्या ओळखीचा. पण हा हात अक्षर काढत नव्हता, आकडाही नाही. पाव तास उभं राहूनही, हा काय लिहितो ते त्यांना कळेना. शेवटी ते पायरी चढून आत गेले, आपण शाळेतले मास्तर असं सांगितलं आणि काय लिहितोस म्हणून विचारलं.

"लिवत न्हाई, मास्तर," धोंडप्पा फडक्यातून तोंड बाहेर न काढताच म्हणाला. "सुरकुत्या बुजवून राहिलो. उजेडातून सरका जरा."

तो मूळचा लातूरकडचा. फिल्मवर माणूस उलटा उमटतो, गोरं काळं आणि काळं गोरं दिसतं, हे त्यानं मास्तरांना समजावलं. चेहऱ्यावरची सुरकुती फिल्मवर कोरी रेघ असते. ती पेन्सिलीनं भरली की कागदावर गाल गुळगुळीत येतो. म्हाताऱ्या देशमुखांची दहा वर्षं तो एका सकाळीत कमी करी. मास्तरांना हे गणितापेक्षा नवलाचं वाटलं. मग शाळा सुटली की ते रोज तिथं डोकावू लागले.

निजामाच्या फसली तेराशे पन्नास सालचा, म्हणजे इंग्रजी एकेचाळीसचा, मोहरम थंडीत आला. त्या दिवसांत स्टुडिओत सोंगं घेतलेल्या माणसांची रांग लागे. नवस फेडायला कुणी फकीर होई, कुणी वाघ. त्यात भुजंग होता. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला उमरीचा गडी, अंगभर पिवळा रंग आणि त्यावर काजळीचे पट्टे. लहानपणी त्याला देवी आल्या होत्या. पोरगं वाचलं तर मोठेपणी मोहरमात वाघ होईल, असं त्याची आई गुणाबाई पिरासमोर बोलली होती. आता ती कंबर मोडून उमरीत पडून होती आणि नवस फिटलेला तिला बघायचा होता. म्हणून हा फोटो.

फिल्म धुऊन निघाली तेव्हा अडचण दिसली. फिल्मला पिवळा रंग काळाच दिसतो. त्यामुळे वाघाचं पिवळं आणि काळं एक झालं होतं, पट्टेच नव्हते. धोंडप्पानं दोन दिवस बसून पट्ट्यांमधली जागा पेन्सिलीनं उजळली. वाघ वाघ दिसू लागला. मग सवयीनं हात तोंडाकडे वळला आणि देवीचे खड्डेही बुजले.

शुक्रवारच्या सुट्टीत भुजंग उमरीला फोटो दाखवून आला आणि दुसऱ्या दिवशी तोच परत घेऊन स्टुडिओत आला.

"आई म्हणती, हा माझा न्हाई. भाड्याचा वाघ उभा केलास म्हणून बोलंना झाली माझ्याशी."

"माणसं डाग काढायलाच येतात की इथं," धोंडप्पा म्हणाला.

"तिला ते डागच पायजेत. त्याच्यापाईच तर नवस केला तिनं."

मास्तरांना एक शंका होती, ती त्यांनी विचारली. "धोंडप्पा, पट्टे तर तूच काढलेस. मग ते चालतात आणि खड्डे बुजवलेले का चालत नाहीत?"

"पट्टे अंगावर होतेच मास्तर, फिल्मनं खाल्ले. मी माघारी दिले."

"आणि खड्डे?"

धोंडप्पानं एक काडी उचलली. तिला कापूस गुंडाळला, पेन्सिल उतरवणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि फिल्म काचेवर ठेवली. अंगाकडे थेंब गेला तर दोन दिवसांचं काम वाहून जाणार होतं. स्टुडिओचा मालक मागून म्हणाला, "असला फोटो मी दर्शनी लावणार न्हाई, सांगून ठेवतो."

"नका लावू," धोंडप्पा म्हणाला आणि नाकापासून पुसायला सुरुवात केली.

पुढच्या शुक्रवारी नवा फोटो घेऊन तिघं सकाळच्या गाडीनं उमरीला गेले. धोंडप्पाला जायची गरज नव्हती, तरी तो गेला, आणि सोबत फिल्म, पेन्सिल अन् खरवडायची सुरी घेतली. गुणाबाईनं फोटो उजेडाकडे धरला. त्यातल्या तोंडावरून ती बोट फिरवू लागली.

"ही भुवईपाशीची खूण. ही नाकाची. हिला लई खाजवायचा, हात बांधून ठेवले होते मी." मग तिचं बोट गालावर थांबलं. "हितं एक मोठी होती."

धोंडप्पानं सुरी काढली. "करून देतो, आई. फिल्म आणलीय. जरा खरवडली की कागदावर खड्डा दिसतो. नांदेडला जाऊन दुसरा फोटो काढून धाडतो."

"ठेव ती." म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. "काळा पट्टा हाय की तिथं. त्याच्याखाली असंल."

भुजंग उंबऱ्यापाशी मान घालून बसला होता. ती त्याला म्हणाली, "भुज्या, तिथं काय बसलास? जा, गूळ आण. नवस फिटला, पिराला मलिदा न्यायचा हाय."

परतताना गाडीत धोंडप्पा खिडकीबाहेर बघत राहिला. मुदखेड गेल्यावर म्हणाला, "मास्तर, मी देशमुखांच्या तोंडावरचं किती काय पुसलं असंल." 

तेव्हापासून सोंगातला माणूस समोर आला की धोंडप्पा आधी विचारी, रंगाखाली तोंड कसं आहे, त्यातलं काय ठेवायचं. काही गिऱ्हाइकांना ते रुचलं, बरेच जण चिडले. मालक वर्षभर कुरकुरला.

धोंडप्पा अजून त्याच खिडकीत बसतो. लग्नाचे आणि म्हाताऱ्यांचे फोटो त्याच्याकडे येतात. मोहरमच्या सोंगांच्या फिल्म मालक आता डाग बुजवून घ्यायला हैदराबादला पाठवतो.