नाव न घेता धरलेला श्वास

कानबाईवर मी चिडले होते. शिरपूरजवळच्या आमच्या घरी दर श्रावणात ही देवी बसते, मी सगळ्यांच्या आधी उठून नैवेद्याचे रोट करते, आणि तरी माझ्याच छातीत गाठ निघाली. धुळ्याच्या स्कॅनमध्ये ती दिसली. फुप्फुसाचा खालचा भाग काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले. पण फोटो पुसट आलेत, कापण्याआधी जळगावला पुन्हा स्कॅन करून या, असंही त्यांनी सांगितलं.

फोटो पुसट का आले ते मला ठाऊक होतं. यंत्र श्वास रोखायला सांगत होतं आणि मी भीतीनं पुटपुटत होते, कानबाई माय, कानबाई माय. नाव घेताना श्वास थांबतो थोडाच! जळगावच्या टेक्निशियन ताईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. "अक्का, देवीचं नाव बाहेर आल्यावर घ्या. आत फक्त श्वास धरायचा."

जड दार लागलं. त्या थंड खोलीत मी नावाशिवाय पडले होते. इतकं उघडं मला कधीच वाटलं नव्हतं. यंत्रातला पुरुषी आवाज हिंदीत म्हणाला, "सांस रोकिए." मी रोखला आणि लगेच घशाशी खोकला आला. आता सुटणार, एवढ्यात उजव्या कानाला ऊन श्वास लागला. एक म्हातारी बाई आमच्या अहिराणीत हळूच म्हणाली, "घाबरू नको माय, मी शे आठे." मी इथंच आहे, म्हणे. अंगावर सर्रकन काटा आला. मान वळवायची हिंमत झाली नाही, पण खोकला जिरला.

बाहेर आल्यावर ताईंना विचारलं, आत कोण आजी होत्या? त्या म्हणाल्या, आजी कुठल्या? स्कॅन चालू असताना आत कुणालाच थांबता येत नाही, आणि काचेतून त्यांना मी एकटीच दिसत होते. मी कानाला हात लावला. तो अजून गरम होता.

या वेळी फोटो स्वच्छ आले. गाठीच्या आत चरबी आणि चुन्याचे ठिपके दिसले. अशी गाठ क्वचितच होते, पण हा कॅन्सर नाही, कापायचं कारण नाही, असं सर्जन म्हणाले. मी त्यांच्या टेबलासमोरच रडले.

तो आवाज कुणाचा, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं तेव्हा मला कुणीतरी सांभाळलं, एवढं खरं. यंदा तपासणीला पुन्हा त्याच यंत्रात गेले. खूप वाट पाहिली, पण कुणी बोललं नाही. तरी भीती वाटली नाही. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं आणि मी निवांत पडून होते.