फार्महाऊसचं लॉन आणि चूलबंद आवतण

गेल्या रविवारी शाहूवाडीच्या बाजूला एक फार्महाऊस बघायला गेलो होतो... माझ्याच लग्नासाठी. मी, आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. त्याआधीच्या सगळ्या जागा अण्णांनी नापास केल्या होत्या, त्यामुळे गाडीत बसतानाच माझं डोकं तापलेलं होतं.

कारणं तरी काय एकेक. एकीकडे पार्किंगला चढ आहे म्हणे. दुसरीकडे हॉलमध्ये कोंदट वास येतोय, जो मला आणि आईला अजिबात आला नाही. पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या लॉनला तर ते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत.

मी कागल एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांचा माल रिजेक्ट करणं हेच माझं काम, पण एवढं रिजेक्शन मीही कधी केलेलं नाही. चांगल्या तारखा भराभर बुक होत होत्या आणि हा माणूस काही केल्या कुठं हो म्हणत नव्हता. जेवताना, बसमध्ये, अगदी ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा मी मोबाईलवर कुठलं ना कुठलं लॉन बघत बसायचे...

हे घर मात्र बघताक्षणी आवडलं. जुना दगडी बंगला, उतरतं कौलारू छप्पर, पुढं लांबलचक व्हरांडा आणि खाली भाताच्या खाचरांपर्यंत गेलेली हिरवळ. मी मनातल्या मनात तिथं शालू नेसून उभीसुद्धा राहिले. कुठल्या खांबाशी फोटो काढायचा तेही ठरलं.

अण्णा मात्र टोपी काढून घाम पुसत लॉनच्या कडेकडेनं येरझाऱ्या घालत होते. मॅनेजर बोलायला चांगला होता. त्यानं टॅब काढून विचारलं, "सर, गेस्ट किती धरू? आठशेच्या वर आम्ही घेत नाही. गेटवर प्रत्येकाच्या हाताला बँड बांधतो."

"गाव हाय," अण्णा म्हणाले.

"गाव म्हणजे अंदाजे किती?"

"गाव म्हंजी गाव की ओ पावणं. ते कसं मोजायचं?"

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला आणि मी अण्णांकडे. मी विचारलं, "अण्णा, गावात आवतण दिलंय काय तुम्ही?"

"व्हय... चूलबंद."

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारी माणसं, पाळण्यातलं लेकरू, घरी आलेला पाहुणा, सगळ्यांनी लग्नघरीच जेवायचं. किती जण येणार असं विचारायचंही नसतं, तो अपमान समजतात. आणि अण्णांनी साखरपुडा झाल्या झाल्या नेसरीजवळच्या आमच्या अख्ख्या गावाला हे आवतण देऊन टाकलं होतं...

मी कोल्हापुरात रूम करून राहते, त्यामुळे मला पत्ताच नाही. आई एकदम व्हरांड्याचे खांब न्याहाळायला लागली, म्हणजे तिलाही माहीत होतं.

मी चिडले. मॅनेजरसमोरच चिडले. लग्न माझं आहे की गावाचं, असंही म्हणून झालं. द्यायचंच होतं तर मला विचारायचं तरी, आणि मग इतके रविवार पेट्रोल कशाला जाळलं?

"तुला न्हाय म्हणवंना, म्हणून," अण्णा खाली बघत म्हणाले. "तुझा काका गेला तवा तेराव्यापतूर आपली चूल पेटली न्हवती. आठवतंय न्हवं?"

आठवत होतं. मी दहावीत होते. रोज सकाळ-संध्याकाळ सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, झाकलेली पातेली आणि भाकरीच्या दुरड्या येऊन पडायच्या. कुणाच्या आमटीत खोबरं जास्त, कुणाची भाकरी पातळ, हे मला शेवटी शेवटी चवीवरून ओळखू यायला लागलं होतं. मला तिखट सोसत नाही म्हणून शेजारच्या काकी माझ्यापुरता वेगळा दहीभात पाठवायच्या...

"तवा कुणी आमची माणसं मोजून जेवण धाडलं न्हवतं," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, "पर तुझं मन हितं बसलं आसंल तर हितंच करू. मी घरोघरी जातो आन् आवतण माघारी घेतो. हात जोडून सांगतो, पोरीची हौस हाय म्हणून."

गावात दिलेलं आवतण परत घेणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तसं केलेलं मी तरी आजवर कुणाला बघितलं नाही. आणि अण्णा काही मला दाखवायला म्हणत नव्हते, ते खरंच गेले असते... प्रत्येक दारात.

माझा राग कुठं गेला ते कळलंच नाही. रडू आलं, तेही परक्या माणसासमोर. मॅनेजरनं पाणी आणून दिलं, मी त्याला सॉरी म्हटलं आणि आम्ही निघालो.

आता लग्न गावातच, हायस्कूलच्या मैदानावर. मंडपवाल्याशी बोलणं झालंय. पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. बाथरूमची सोय कशी करायची, धूळ किती उडेल, सासरच्या मंडळींना हे सगळं कसं वाटेल... आणि त्या बंगल्याचे फोटो अजून माझ्याकडून डिलीट झालेले नाहीत. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू.

पण माझ्या हौसेपायी गावापुढं मान खाली घालायला तयार झालेला बाप मला मिळालाय, आणि मी त्याला तसं करू दिलं नाही. एवढं एक काम त्या दिवशी माझ्या हातून बरं झालं.

तुम्हालाही हे आवतण चूलबंदच समजा. घरातल्या सगळ्यांना घेऊन या... किती जण येणार ते आम्ही विचारणार नाही.